बाहुलीच्या पायातला काळा मणी

देवाशी माझं कधी फारसं जमलं नाही. उपास मला सोसत नाहीत, पोथी ऐकताना जांभया येतात आणि सत्यनारायणाला मी निव्वळ प्रसादाच्या शिऱ्यासाठी जाते, हे जळगावात मेहरूणमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण नजर लागते, यावर माझा पक्का विश्वास आहे. देव असेल नाहीतर नसेल, शेजारीण तर आहेच ना! म्हणून आम्ही चौघी कापडी बाहुल्या करायला लागलो, तेव्हा प्रत्येक बाहुलीच्या डाव्या पायात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक काळा मणी असणारच, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्या एवढ्याशा मण्याने पुढे आठ महिने माझ्या डोक्याचा भुगा केला.

चौघी म्हणजे एक मी. शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवून, पोरांपेक्षा मुख्याध्यापकांना कंटाळून, मुदतीआधी घरी बसलेली. दोघी शेजारच्या, सख्ख्या बहिणी. थोरली मशीन चालवायची, धाकटी कापूस भरायची. आणि चौथी अक्का, माझी थोरली जाऊ. आमचे थोरले दीर गेल्यावर ती पारोळ्याकडचं आपलं खेडं सोडून आमच्याकडे राहायला आली. सत्तरी कधीच उलटलेली, बोलणं सगळं अहिराणीत आणि तेही मोजकं. हातपाय जोडणारी हातशिवण तिची, आणि बाहुलीचा चेहराही तिचा. टिकल्या नाहीत, बटणं नाहीत, साध्या दोऱ्याने ती डोळे काढायची, आणि शेवटचा टाका पडला की ती चिंधी एकदम आपल्याकडे बघायला लागायची. मी कितीदा तरी प्रयत्न केला. माझ्या बाहुल्या सगळ्या काण्या व्हायच्या.

अक्का सगळं करायची, पण मण्याला हात लावायची नाही. मण्यांची वाटी मी तिच्याकडे सरकवली की ती बोटाने परत माझ्याकडे सरकवायची. "मी लावाव नही. तुम्ही लावा." बस्स, एवढंच. का, ते सांगणार नाही. हा हेकटपणा तिचा जुना, असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे. स्वतःच्या मुलीच्या मनगटातही तिने कधी काळा मणी बांधू दिला नव्हता म्हणे. सासूबाई त्यावरून सहा महिने तिच्याशी बोलल्या नव्हत्या. सासूबाई गेल्या, पण ती तक्रार आम्हाला वारसाहक्काने देऊन गेल्या.

तर, थोरलीच्या सुनेने आमच्या बाहुल्यांचे फोटो मोबाइलवर टाकले आणि एक दिवस थेट कोपनहेगनहून मेल आला. तिथे एका बाईंचं लहान मुलांच्या वस्तूंचं छोटं दुकान होतं. त्यांना बाहुल्या हव्या होत्या, आणि थोड्याथोडक्या नाहीत, आम्हा चौघींना वर्षभर पुरून उरेल इतकं काम. अट एकच. आधी सहा नमुने पाठवायचे, ते तिकडच्या प्रयोगशाळेत तपासले जाणार, आणि पास झाले तरच पुढची बात.

मला आनंद झाला तो झालाच, पण खरा जीव टांगणीला लागला तो धाकटीचा. ती रोज केळीच्या पॅकिंगला जायची. दिवसभर हौदाच्या पाण्यात उभं राहून घड धुवायचे. बोटांच्या बेचक्या कुजून सालटी निघालेली, पायात चप्पल घालणं नको व्हायचं. मेल आला आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. "मॅडम, मी सोडलं," म्हणाली. अगं, अजून नमुने जायचेत, म्हटलं. तर म्हणे, "तुम्ही इंग्रजी शिकवलंय ना, मग झालं." आता बोला! माझ्या इंग्रजीवर एवढा विश्वास कोणत्या विद्यार्थ्यानेही कधी ठेवला नव्हता. सहा बाहुल्या नापास झाल्या तर तिचे पाय पुन्हा पाण्यात, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मग नियम आले. वाचताना मला वाटलं, आपण बाहुली पाठवतोय की विमान?

पहिलाच दणका कापडाचा. आम्ही बाहुल्या जुन्या मऊ लुगड्यांच्या करायचो. आपल्याकडे तान्ह्या पोराला नवं करकरीत कापड घालत नाहीत, आधी जुनेरातच गुंडाळतात, ही तर साधी गोष्ट. तिकडचं म्हणणं, कापड कशाचं आहे, त्यात सूत किती टक्के, ते लेबलवर लिहा. वीस वर्षं अक्काच्या अंगावर धुतल्या गेलेल्या लुगड्यात किती टक्के काय उरलंय, ते मी कसं सांगू? शंभर टक्के अक्का, असं लिहू का? शेवटी नवं कोरं सुती कापड आणलं आणि ते चार-चार वेळा धुऊन, आपटून, जुनं केलं.

मग सुयांचा नियम. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटपट्टीने चिकटवायचे, आणि तुकडे सापडेपर्यंत काम बंद. वही मी घातली. दुसऱ्याच दिवशी एक सुई गायब. सतरंजी झटकली, कापूस पिंजून पाहिला, लोहचुंबक घेऊन आम्ही तिघी जमिनीवर रांगलो. दुपारचा स्वयंपाक राहिला. संध्याकाळी अक्का केस विंचरायला बसली तेव्हा सुई तिच्या अंबाड्यातून निघाली. पन्नास वर्षं ती तिथेच सुई खोचत होती. डेन्मार्कला हे कळलं असतं तर त्यांनी अक्कालाच वहीत चिकटवायला सांगितलं असतं.

बाहुलीचा रंग लाळेने उतरता कामा नये, हा आणखी एक. आता लाळ कुठून आणायची? क्रिकेटची मॅच लागली होती. लाल कापडाचा तुकडा नवऱ्याच्या तोंडात दिला आणि म्हटलं, मॅच संपेपर्यंत चघळा. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मॅच शांततेत पार पडली. रंग उतरला नाही. "मीठ कमी आहे," एवढाच नवऱ्याचा शेरा.

युरोपात राहणारी एक जबाबदार व्यक्ती हवी, तिचं नाव-पत्ता लेबलवर हवा, असंही होतं. आमच्या खानदानात जबाबदार व्यक्ती अख्ख्या जळगाव जिल्ह्यात सापडली नाही, ती युरोपात कुठून आणू? त्या बाईंनीच लिहिलं, ती मी होईन, काही झालं तर मला धरतील. बाई पाणीदार आहे, हे मला तेव्हाच कळलं.

सगळ्यात मजा आली ती ओढण्याच्या परीक्षेला. हात, पाय, कान, काहीही ओढलं तर सुटता कामा नये. ओढ किती, तर साधारण नऊ किलोचं वजन लटकवल्याइतकी. धाकटी म्हणाली, त्यात काय, आणि पॅकिंगच्या जुन्या मैत्रिणींकडून केळीचा एक घड घेऊन आली. तो भरला वीस किलोच्या वर. फण्या काढत काढत नऊ किलोवर आणला, झोपाळ्याच्या कडीला बाहुली उलटी टांगली आणि तिच्या हाताला घड बांधला. दार उघडं होतं. समोरून कोणीतरी पाहिलं. काळा मणी घातलेली उलटी बाहुली, खाली केळीचा घड, भोवती चार बायका टक लावून बसलेल्या. झालं! मास्तरीणबाई करणी करायला लागल्या, ही बातमी दिवे लागायच्या आत गल्लीभर झाली. एक फायदा झाला, पुढचे पंधरा दिवस आमच्या दारात कोणी गाडी लावली नाही. बाहुलीचा हात मात्र जागचा हलला नाही. शिवण अक्काची होती.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग बाईंनी फोटो पाहून लिहिलं, बाकी सगळं सुरेख आहे, तेवढा पायातला मणी काढा.

मी म्हटलं, का म्हणून? मी त्यांना दीड पानी मेल लिहिला. व्याकरणाची एक चूक काढून दाखवा म्हणावं. काळा मणी हा शोभेचा भाग नसून सुरक्षेचाच भाग आहे, आमच्याकडे हजारो वर्षांपासून पोरांच्या हातापायांत मणी आहेत आणि आम्ही सगळे जिवंत आहोत, असं मी ठणकावून लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. त्या मताबद्दल मला आदर आहे, पण प्रयोगशाळेच्या तक्त्यात नजरेसाठी रकाना नाही.

मी सत्तावीस वर्षं पोरांच्या पळवाटा पकडल्या, मला का पळवाट सापडणार नाही? नियमांतच एक चिन्ह होतं, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असं सांगणारं. ते लावलं की प्रश्न मिटला, असं मी ठरवलं आणि दाणाबाजाराजवळच्या एका प्रिंटरकडून कापडी पट्ट्या छापून आणल्या. चिन्ह म्हणजे गोलात बाळाचा चेहरा आणि त्या चेहऱ्यावरून तिरपी लाल रेघ. थोरलीने पट्टी पाहिली आणि हातातून टाकलीच. "अहो मॅडम, लेकराच्या तोंडावर काट मारलीय! हे अभद्र मी नाही शिवणार." अक्काने एक पट्टी उचलली. बराच वेळ पाहिली. मग ती जमिनीवर पालथी ठेवली आणि उठून आत गेली. त्या दिवशी ती पुन्हा कामाला बसली नाही. मला वाटलं, हिचा आपला नेहमीचा हेकटपणा.

ती पळवाटही बाईंनी बुजवली. कापडी मऊ बाहुली ही तान्ह्या पोराच्या हातात जाणारच, वर काहीही लिहा, तपासणी तान्ह्याच्याच हिशेबाने होणार. मणी काढा.

काढला. सगळ्यांसमोर सहाच्या सहा मणी काढले आणि वाटीत टाकले. पण मनातून मला ते पटेना. एवढ्या देखण्या बाहुल्या, एवढ्या लांब जाणार, विमानातली माणसं बघणार, कस्टमवाले बघणार, आणि अंगावर काही नाही? आम्हाला पहिल्यांदा काहीतरी चांगलं मिळत होतं, आणि चांगलं मिळतंय म्हटलं की मला भीतीच वाटते. पार्सल करायच्या दिवशी दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी सहाही बाहुल्यांच्या डाव्या पायाची शिवण उसवली, एकेक मणी आत कापसात खोल दाबला आणि पाय पुन्हा शिवून टाकला. बाहेरून कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. नियमही राहिला आणि नजरही राहिली, म्हणून मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली आणि वर एक केळं खाल्लं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. मी चष्मा लावून, तिघींना गोल बसवून, ऐटीत वाचायला घेतला. पहिल्याच पानावर फोटो होता. पांढऱ्या टेबलावर मोजपट्टी, आणि मोजपट्टीशेजारी माझा काळा मणी.

सहाही बाहुल्यांच्या सगळ्या शिवणी टिकल्या होत्या. डावा पाय तेवढा सुटला होता. सहाही बाहुल्यांचा. अक्काची शिवण नऊ किलोला भीक घालत नव्हती आणि माझी शिवण पहिल्या हिसक्याला उसवून, कापसातून मणी टुणकन टेबलावर. शेरा एकच, नापास.

फोटो सगळ्यांनी पाहिला. मणी तिथे कसा गेला, हे कोणी विचारलं नाही, कारण सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. धाकटी नुसती आपल्या पायांकडे बघत बसली. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मला लाज वाटली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. मी त्या डेन्मार्कवालीवर घसरले. रिपोर्टसोबत तिने मोठा मेल लिहिला होता. रागावून नव्हता, समजावून सांगणारा होता. आणखी एकदा नमुने पाठवा, पण मणी का नको ते एकदा नीट वाचा, अशी सुरुवात. मी तो नाटकी आवाजात, तिची नक्कल करत, मराठी करून वाचायला लागले.

"लहान मूल मणी तोंडात घालतं. मणी श्वासाच्या नळीत अडकतो. आपल्याला वाटतं, मूल खोकेल, रडेल, आपण धावत जाऊ. पण श्वासच बंद झाला की मूल रडू शकत नाही. आवाज येत नाही. शेजारच्या खोलीतल्या आईलाही काही कळत नाही." इथे मी थांबले आणि हात ओवाळून म्हटलं, "का हो, तुमच्या आया काय कानात बोळे घालून बसतात का?"

थोरली फस्सकन हसली. अक्का म्हणाली, "आखो एकदाव वाच."

पुन्हा एकदा वाच. मला वाटलं, म्हातारीला नक्कल आवडली. मी आणखी रंगवून वाचलं, बोळ्यांसकट.

"तठे खरंच असं लिखेल शे, का तू मनथून सांगी राहिनी?"

"बोळ्यांचं माझं. बाकी सगळं लिहिलेलंच आहे अक्का."

"आवाज ये नही, असं?"

"हो. आवाज येत नाही."

अक्काने मांडीवरची अर्धी झालेली बाहुली बाजूला ठेवली. आणि मग तिने सांगितलं. तीस वर्षं मी त्या घरात सून आहे, मला हे माहीत नव्हतं. तिच्या मुलीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, एवढंच काहीतरी कानावर होतं. असली पोरं तेव्हा घरोघरी असायची, त्यांच्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

अकरा महिन्यांचा होता. मनगटात पाच काळे मणी, पारोळ्याच्या बाजारातून तिनेच आणून तिनेच ओवलेले. दुपारी त्याला गोधडीवर खेळायला सोडून ती शेजारच्या खोलीत भाकरी करत होती. मध्ये दार नव्हतं, नुसती चौकट. पोराचा आवाज नाही म्हणून ती डोकावली. तो आडवा झालेला दिसला. झोपला, असं तिला वाटलं. तिने त्याच्यावर पांघरूण घातलं आणि आत जाऊन उरलेल्या भाकरी केल्या.

घरात सगळे नजर म्हणाले. भगताला आणलं, तोही नजर म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, मणी कमी पडले, सात बांधायचे होते. पोराला शेवटची अंघोळ घालताना अक्काने मणी मोजले. चार होते. पाचवा कुठे आहे ते तिला त्याच क्षणी कळलं आणि तिने ते कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. मणी तिने स्वतः ओवले होते ना!

पण तिला खात होतं ते निराळंच. "दोन हातवर व्हता तो," ती म्हणाली. "इतला वरीस मी मन्हा मनले इचारस, तू बहिरी व्हती का?"

माझी जीभ तिथल्या तिथे का झडली नाही! कानात बोळे म्हणे. मी कधी कोणाच्या पाया पडत नाही, लग्नातही पडले नव्हते, फोटोपुरती वाकले होते. त्या दिवशी मी अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले. ती रडली नाही. तिने मला उठवलं आणि मोबाइलकडे बोट दाखवलं. "ती बाईना बी एखादा गया व्हई. नहीतर कसं लिखस?" तिचंही एखादं गेलं असेल, त्याशिवाय कसं लिहील. मी म्हटलं, अक्का, हे नियम एकटी बाई लिहीत नाही, पुष्कळ माणसं बसून लिहितात. तिने बाहुली पुन्हा मांडीवर घेतली. "मंग पुष्कळ गयात व्हतीन," म्हणाली.

तोवर मी त्या नियमांना नुसती हसत होते. टक्के काय, सुया काय, नऊ किलो काय. ह्यातली एकेक ओळ कुठल्यातरी घरात काहीतरी घडल्याशिवाय लिहिली गेली नसणार, हे सत्तावीस वर्षं पुस्तकं शिकवूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. अंगठा उठवणाऱ्या अक्काला ते दोन वाचनांत कळलं.

मी बाईंना खरं काय ते लिहून माफी मागितली. मणी मी लपवला, बाकीच्या तिघींना माहीत नव्हतं. नवे सहा नमुने अक्काने डोक्यापासून पायापर्यंत एकटीने शिवले, मला सुईला हात लावू दिला नाही. प्रत्येक शिवण ती दोन्ही मुठींत धरून अशी ओढायची की मला बाहुलीची दया यायची. ते पास झाले. धाकटीला हौदावर जावं लागलं नाही. पहिलं खोकं रवाना झालं तेव्हा तिने सगळ्यांना पेढे वाटले आणि करणीची बातमी पसरवणाऱ्या समोरच्या घरात मुद्दाम दोन जास्त दिले.

एवढ्यावर मी खूश होते. पण डिसेंबरात धुळ्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथे आमचा एक गाळा होता. तिथल्यासाठी मी पुन्हा मण्यांची वाटी काढली. आपलं गिऱ्हाईक मणी मागतंच, नसेल तर तोंड वाकडं करतं. आणि आपल्याकडे खेळण्यांना नियम आलेत खरे, पण प्रदर्शनात बसलेल्या बाईला कोण विचारायला येतंय! अक्काने वाटी उचलून थेट परसात नेली आणि उकिरड्यावर उपडी केली.

"त्यासना पोऱ्या पोऱ्या, नि आपला काय दगड शेत?"

शाळेत असते तर विषय बदलला असता. वर तिने आणखी एक काम लावलं. बाईंच्या मेलमधली ती ओळ मराठीत लिहायची, साध्या कागदावर छापायची आणि प्रत्येक बाहुलीला बांधायची. मण्याने घसा बंद होतो, आवाज येत नाही, एवढंच. मी म्हटलं, अक्का, बाहुली घेताना असलं कोणी वाचेल का, विकल्या जाणार नाहीत. "नही इकायनी तं नही इकायनी," म्हणाली.

विकल्या जाईनातच. चिठ्ठी वाचून बायका बाहुली खाली ठेवायच्या. एक जण म्हणाली, आनंदाच्या वस्तूला असलं काय बांधलंय, तुम्हाला धंदा करायचाय की नाही? मी दोन दिवस तोंड दाबून बसले होते, ते मला किती जड गेलं ते माझं मलाच माहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक पोरगेलीशी आई आली. कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी, मनगटात काळ्या मण्यांची दोरी आणि दोरी तोंडात. मुलगी मजेत चघळत होती, लाळ हनुवटीवरून गळत होती. आईने बाहुली घेतली, चिठ्ठी वाचली आणि हसली. "आवाज येत नाही म्हणे! आई काय झोपलेली असते का?"

मी फाडकन काहीतरी बोलणार होते. अक्काने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"मी जागीच व्हतू, माय," ती म्हणाली.

त्या आईला काही कळलं नाही. मग अक्काने तिला सगळं सांगितलं. पोटच्या लेकीला न सांगितलेलं, त्या मांडवात, उजेडात, शेजारच्या पापडवाल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं. भाकरी सांगितल्या, पांघरूण सांगितलं, चार मणी सांगितले. ती आई हसायची थांबली होती. तिने लेकीच्या तोंडातून दोरी ओढून काढली आणि गाठ सोडायला गेली, पण गाठ ओली आणि घट्ट होती. मी कात्री दिली. ती अक्काने घेतली, मुलीचं मनगट धरलं आणि दोरी कापली.

चघळणं गेल्याबरोबर त्या तान्हीने टाहो फोडला. अख्खा मांडव वळून बघायला लागला. आई बिचारी कावरीबावरी होऊन तिला थोपटायला लागली, गप गप करायला लागली. अक्काने तिचा हात धरून थांबवला.

"रडू दे," ती म्हणाली. "आवाज येस ना, येवू दे."